अंथरूण कोरडं होईपर्यंत: जानेवारी ते जूनच्या नोंदी

आमची लेक सात वर्षांची आहे आणि जवळपास रोज रात्री तिचं अंथरूण ओलं व्हायचं. हे थांबवायला जे जे केलं ते मी एका वहीत टिपत गेलो. सल्ले खूप वाचले होते, पण रोज रात्री प्रत्यक्ष काय घडतं, किती दिवस लागतात, कुठे चुकतं हे कुणी लिहिलेलं मिळालं नाही. म्हणून ही वही थोडी आवरून उतरवतोय. लिहू का, असं आधी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "लिही, पण माझं नाव नको." तेव्हा या नोंदींत ती चिऊ. तिचा धाकटा भाऊ तीन वर्षांचा आहे आणि त्याच खोलीत झोपतो, हेही आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

४ जानेवारी

कंपासपेटीत पट्टीच्या खाली घड्या घालघालून बारीक केलेला कागद सापडला. शाळेच्या दोन रात्रींच्या सहलीचं संमतिपत्र, सहल मार्चच्या शेवटी. कागद येऊन दहा दिवस झाले होते. विचारलं तर म्हणाली, "मला सहली आवडत नाहीत." मग गप्प. मग रडायलाच लागली.

आतापर्यंत काय काय करून झालंय ते लिहून ठेवतो. संध्याकाळी सातनंतर पाणी बंद केलं. तिला तहान लागायची, झोपताना किरकिर व्हायची आणि अंथरूण तेवढंच ओलं व्हायचं. दीड वर्ष रोज रात्री अकराला उचलून शूला नेलं. ती झोपेतच शू करायची, सकाळी तिला काही आठवायचं नाही, आणि एक रात्र आम्ही चुकलो की चादर भिजलेली. कोरड्या रात्रीला एक चांदणी असा तक्ता भिंतीवर लावला. तीन आठवड्यांत एक चांदणी मिळाली. तक्ता तिनेच फाडला.

आणि नोव्हेंबरात एका पहाटे मी तिच्यावर ओरडलो. "मुद्दाम करतेस का?" असं म्हणालो. ती ओल्या कपड्यांत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, मी चादर काढेपर्यंत हलली नाही. हे लिहिताना हात अडतो. पण नोंद ठेवायची तर खरी ठेवायला हवी.

८ जानेवारी

डॉक्टरांकडे गेलो. लघवीची तपासणी केली. संसर्ग नाही, साखर नाही. मग त्यांनी प्रश्न विचारले: दिवसा कपडे ओले होतात का? आधी सलग सहा महिने कोरडी राहून मग पुन्हा सुरू झालंय का? शू करताना दुखतं का? तहान फार लागते का, वजन उतरलंय का? झोपेत घोरते का? यातल्या एखाद्याचं उत्तर "हो" असतं तर वाट वेगळी, आधी त्याचा तपास. आमचं सगळ्याला "नाही".

पुढचा प्रश्न, पोट रोज साफ होतं का? आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मुलगी सात वर्षांची झाल्यावर ती शीला कधी जाते याकडे आमचं लक्षच उरलं नव्हतं.

शेवटचा प्रश्न, घरात आणखी कुणाला असं होतं का? मी म्हणालो, "मला. नऊ वर्षांचा होईपर्यंत." बायकोने माझ्याकडे वळून पाहिलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आईवडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण ४४ टक्के, दोघांना असेल तर ७७ टक्के. पाच वर्षांच्या १०० मुलांत १५ जणांचं अंथरूण ओलं होतं, सातव्या वर्षी ५ ते १० जणांचं. दरवर्षी यातली साधारण १५ टक्के मुलं काही न करताही बरी होतात. म्हणजे वाट बघणं हाही एक मार्ग होता. पण तो कंपासपेटीतला कागद पाहिल्यावर आम्हाला वाट बघवेना.

९ ते ११ जानेवारी

डॉक्टरांनी मोजमापं घ्यायला सांगितली. मापाचं भांडं बाथरूममध्ये ठेवलं. चिऊ दर वेळी त्यात शू करणार आणि आकडा स्वतः वहीत लिहिणार. हे काम तिला आवडलं.

सात वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण २४० मिलीलीटर मावायला हवं. हिशेब सोपा आहे: वयात एक मिळवायचा आणि ३० ने गुणायचं. चिऊचे आकडे ९० ते १३० च्या मधले. पाण्याची नोंद त्याहून बोलकी होती. शाळेतून बाटली जवळजवळ भरलेली परत, दिवसभरात शाळेत शू शून्य वेळा, आणि दिवसभराच्या पाण्याचा मोठा भाग संध्याकाळी पाचनंतर पोटात. सात ते झोपेपर्यंत पाणी बंद करून आम्ही पाच ते सातची गर्दी वाढवली होती.

नवीन वाटणी: दिवसभराच्या पाण्यातले ४० टक्के दुपारपर्यंत, ४० टक्के संध्याकाळपर्यंत, उरलेले २० त्यानंतर. मधल्या सुट्टीत शूला जायचंच. वर्गशिक्षिकांना चिठ्ठी दिली, त्यांनी कुणाला न कळू देता सांभाळून घेतलं.

चूक: पहिल्या दिवशी सकाळच्या पहिल्या शूचा आकडाही आम्ही सरासरीत धरला. ती रात्रभराची असते, दिवसाच्या मापात धरत नाहीत. एक दिवस वाया गेला.

१२ जानेवारी ते ५ फेब्रुवारी

या टप्प्यावर मी सगळ्यात अधीर होतो आणि सगळ्यात मोठी चूक इथेच केली.

वहीवरून कळलं की चिऊ दोन-तीन दिवसांतून एकदा शीला जाते आणि खडा होतो. आतडं भरलेलं असलं की ते शेजारच्या मूत्राशयावर दाब देतं, त्यात मावतं कमी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आधी पोट, मग बाकीचं. शी मऊ होण्याचं औषध दिलं. रोज जेवणानंतर दहा मिनिटं शांत बसायचं, पायाखाली पाट, म्हणजे गुडघे वर येतात आणि जोर लावावा लागत नाही. पाय लोंबकळत असले तर मूल कुंथत राहतं, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

आठ दिवसांत पोट छान साफ व्हायला लागलं. २० जानेवारीला मी माझ्याच मनाने औषध थांबवलं. २४ तारखेपर्यंत चार दिवस शी नाही, मग दुखलं म्हणून ती बसायलाच घाबरायला लागली. फोन केला, औषध पुन्हा सुरू. २५ ला अलार्म, म्हणजे चड्डीला ओल लागली की वाजून मुलाला उठवणारं यंत्र, लावायचा होता, तो लागला ६ फेब्रुवारीला. बारा दिवस गेले आणि तिला विनाकारण दुखणं सोसावं लागलं. औषध पुढे किती महिने चालवायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या, पोट साफ झालं म्हणून हात आखडू नका.

पोट मार्गी लागल्यावर आकडे १५० पर्यंत चढले. आठवड्यात दोन रात्री कोरड्या गेल्या. बाकी काहीही न करता.

२ फेब्रुवारी

तिला सांगितलं. दिवा मालवलेला, मी तिच्या गादीच्या कडेला बसलेलो. म्हणालो, "मी पण लहानपणी अंथरूण ओलं करायचो."

बराच वेळ काही नाही. मग अंधारातून, "बाबा, तू? खरंच?"

"नऊ वर्षांचा होईपर्यंत."

"आजी ओरडायची?"

"नाही. आजी चादर बदलायची."

ती म्हणाली, "मग तू का ओरडलास?"

मी माफी मागितली. ती उठून बसली आणि मी तेव्हा चादर कुठे लपवायचो ते विचारायला लागली. कपाटामागे, असं सांगितलं. तिने सांगितलं की तीही दोनदा चड्डी दप्तरात कोंबून शाळेत घेऊन गेली होती.

६ फेब्रुवारी. अलार्म, रात्र १

यंत्र साधं आहे. चड्डीला चिमट्यासारखा सेन्सर, वायर बनियनच्या आतून वर, खांद्यावर काड्यापेटीएवढी डबी. ओल लागली की आवाज आणि थरथर. कल्पना जुनी आहे. १९०४ मध्ये फाउंडलर नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी इस्पितळातल्या मुलांच्या गादीखाली विजेची घंटा बसवली होती, मूल ओलं झालं हे परिचारिकांना कळावं म्हणून. पुढे मुलंच कोरडी राहायला लागली. १९३८ मध्ये अमेरिकेत मॉवरर पतिपत्नींनी त्याची रीतसर उपचारपद्धत केली. झोपेतला मेंदू मूत्राशयाची हाक ऐकायला हळूहळू शिकतो, त्याला दोन-तीन महिने लागतात.

दिवसा तालीम केली. चिऊ गादीवर आडवी, मी सेन्सरला ओलं बोट लावलं, आवाज झाला, ती उठली, बटण दाबलं, शूला गेली. पाच वेळा. तिला हसू आवरेना.

गादीची मांडणी: खाली रबरी शीट, वर चादर, त्यावर पुन्हा रबरी शीट, वर पुन्हा चादर. रात्री वरचा जोड ओढून काढला की खाली कोरडं अंथरूण तयार. उशाशी कपड्यांचा एक जोड, बाथरूमपर्यंत मंद दिवा. दीड वर्ष रात्री दोनला कपाटात चादरी शोधल्यावर ही मांडणी सुचली. बाकी काही केलं नाहीत तरी एवढं आजच करा.

रात्री १२:४० ला अलार्म वाजला. मी उठलो, बायको उठली, धाकटा उठून रडायला लागला. चिऊ गाढ झोपेत, डबी तिच्या कानापाशी ओरडत होती.

७ ते १५ फेब्रुवारी

मूल स्वतः उठत नाही म्हणून पुष्कळ घरी अलार्म पहिल्याच आठवड्यात कपाटात जात असणार. आमचाही गेला असता. सुरुवातीला आईबापांनी उठायचं आणि मुलाला उठवायचं, हाच त्या आठवड्यांचा खरा उपचार आहे.

माझी चूक अशी की पहिल्या चार रात्री धाकट्याची झोप मोडू नये म्हणून मी धावत जाऊन अलार्म स्वतः बंद केला आणि तिला उचलून नेलं. म्हणजे पुन्हा तेच दीड वर्षाचं उचलणं. पाचव्या रात्रीपासून बदललं. तिला बसतं करायचं, तोंडावरून ओला हात फिरवायचा, बटण तिनेच दाबायचं, चालत तिनेच जायचं. आणि ती जागी आहे हे कळायला एक खूणशब्द. झोपताना तिने निवडायचा, रात्री मी विचारायचा.

पहिला शब्द होता "कासव". मी दीड वाजता विचारलं, "आजचा शब्द काय?" डोळे उघडे ठेवून ती म्हणाली, "गणिताची वही." पुन्हा तोंड पुसलं. "शब्द?" तिने डबीकडे पाहिलं, बोटाने बटण चाचपलं, आवाज थांबला. "कासव," म्हणाली. "बाबा, मी ओली आहे." झोपेत चाललेल्या आणि जाग्या मुलीतला फरक मला त्या रात्री पहिल्यांदा कळला. डोळे उघडे असणं पुरेसं नसतं.

धाकट्याचं गादी-उशी आमच्या खोलीत हलवलं. हे आधीच करायला हवं होतं.

१६ फेब्रुवारी

एकाच रात्री दोन खोटे अलार्म, दोन्ही घामाने. सेन्सर पाहिला तर चिमट्याच्या धातूवर पांढरट खारट थर. आता रोज सकाळी साबणाच्या पाण्याने धुऊन, पुसून, पूर्ण वाळवून ठेवतो. सुती चड्डी एकावर एक अशा दोन, सेन्सर बाहेरच्या बाजूने. खोटे अलार्म जवळपास थांबले.

२७ फेब्रुवारी, रात्र २२

हिशेब: २२ पैकी १७ रात्री ओल्या, ५ कोरड्या. अलार्म २४ वेळा वाजला, त्यात ३ खोटे, म्हणजे २१ खरे. दर वेळी साधारण २५ मिनिटं. मिळून पावणेनऊ तास, तेही मधूनच तुटलेल्या झोपेतले. पैशाचा खर्च अलार्म, दोन रबरी शीट आणि जास्तीच्या चादरी एवढाच. महाग पडते ती झोप. बायको आणि मी यावरून दोनदा भांडलो. एक रात्र तू, एक रात्र मी असं ठरवलं होतं, पण तशी कुणाचीच झोप भरत नव्हती. आता सलग तीन रात्री एकाने उठायचं, दुसऱ्याने वेगळ्या खोलीत दार लावून झोपायचं.

कोरड्या रात्री मोजल्या तर आपण कुठेच पोचलो नाही असं वाटतं. म्हणून आम्ही डागाचा आकार लिहायला लागलो: ताटाएवढा, तळहाताएवढा, नाण्याएवढा. पहिल्या आठवड्यात सगळे ताट. या आठवड्यात तीन तळहात आणि एक नाणं. शू मध्येच थांबवायला ती शिकतेय, हे दुसऱ्या कशावरून कळलं नसतं. वेळही पुढे सरकलीय, साडेबाराच्या जागी तीन-साडेतीन.

चांदण्यांचा तक्ता पुन्हा लावलाय, पण आता चांदणी बटण दाबल्याची, चादरीचा जोड स्वतः ओढल्याची, सेन्सर धुतल्याची. झोपेत कोरडं राहणं तिच्या हातात नाही, त्याचं बक्षीस लावून आम्ही तिच्यावर अन्याय केला होता. बटण दाबणं तिच्या हातात आहे.

६ मार्च, रात्र २९

पहाटे चारला मला जाग आली ती अलार्मने नव्हे, फ्लशच्या आवाजाने. अलार्म एकदाच किंचाळून थांबला होता म्हणे, मला ऐकूच आला नाही. मी गेलो तोवर ती कपडे बदलून झोपली होती. चादरीवर नाणं.

१२ ते १५ मार्च

ताप. अलार्म बंद ठेवला, चारही रात्री ओल्या. त्याची चिंता केली नाही.

२३ मार्च

दहा दिवस गाडी अडकलीय, आठवड्यात तीन-चार कोरड्या, पुढे सरकत नाही. वही चाळली. तापात खाणंपिणं कमी झालं आणि पोट पुन्हा बिघडलं होतं. औषधाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून वाढवलं.

सहल पाच दिवसांवर आहे. अशा रात्रींसाठी डेस्मोप्रेसिनची गोळी असते, ती रात्रीची लघवी कमी तयार होऊ देते. पण गोळीच्या एक तास आधीपासून पुढचे आठ तास पाणी अगदी मर्यादित ठेवावं लागतं, नाहीतर रक्तातलं सोडियम धोकादायक उतरू शकतं. म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, आणि आधी घरी वापरून बघायची. दोन रात्री पाहिलं, एक कोरडी, एक तळहात. चिऊला विचारलं. तिने बराच विचार केला आणि म्हणाली, "या वेळी नको. पुढच्या वर्षी." आम्ही आग्रह केला नाही. सहलीची तारीख हीच शेवटची तारीख असं मी मनात धरून बसलो होतो. ते तिला न सांगताही कळत होतं. अशी तारीख ठेवायला नको होती.

१८ एप्रिल, रात्र ७२

सलग चौदावी कोरडी रात्र. ५ तारखेपासून एकही डाग नाही. सलग १४ झाल्या की जमलं असं धरतात. काही रात्री ती उठून शूला जाते, बहुतेक रात्री सरळ सकाळपर्यंत झोपते. मापाच्या भांड्यात परवा २१० आलं.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून आता पुढचा टप्पा: झोपताना मुद्दाम थोडं जास्त पाणी, अलार्म चालूच. सवय पक्की व्हावी म्हणून. पहिल्या आठवड्यात तीन रात्री ओल्या होतील अशी तयारी तिलाही सांगून ठेवली.

११ मे

दोनच झाल्या. त्यानंतर पुन्हा सलग चौदा कोरड्या. अलार्म काढला. डबी तिने स्वतः पुसून खोक्यात ठेवली.

२९ मे

सुट्टीत झोपायच्या वेळा बिघडल्या, एका आठवड्यात तीन रात्री ओल्या. तिसऱ्या सकाळी ती माझ्याकडे आली तेव्हा हातात अलार्मचं खोकं होतं. "परत लावू या," म्हणाली. आवाजात रडू नव्हतं. असं परत सुरू होणं नेहमीचं आहे, आणि दुसऱ्या खेपेला लवकर जमतं हे आम्ही वाचलं होतं. त्याच रात्री लावला.

१४ जून

दुसऱ्या खेपेत अलार्म चारदा वाजला. ३१ मेपासून काल रात्रीपर्यंत चौदा कोरड्या. परवा ती मावशीकडे राहायला जाणार आहे, बॅग आजच भरलीय. वर कपड्यांचा एक जास्तीचा जोड आणि त्याखाली घडी केलेली रबरी शीट तिनेच ठेवली. बायको म्हणाली, "शीट लागायची नाही आता, काढ." चिऊने चेन लावली. "अजून राहू दे," म्हणाली.

राहू दिली.